दिल्ली ते दौलताबाद, बिऱ्हाडासकट

मराठीत 'तुघलकी' हा शब्द वापरताना कुणालाच विचार करावा लागत नाही. महापालिकेने रातोरात रस्ता एकेरी केला? तुघलकी कारभार. कंपनीने सोमवारपासून अख्ख्या टीमला हिंजवडीहून खराडीला बसायला सांगितलं? तुघलकी फर्मान. शाळेत आपण काय शिकलो, तर एक लहरी सुलतान होता, त्याने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली आणि नंतर परत दिल्लीला नेली. दोन मार्कांचं उत्तर लिहायचं, की पुढचा धडा.

गेले काही वीकांत मी याच एका प्रकरणाबद्दल मिळेल ते वाचतोय. त्याला कारण आमचा धंदा. जुन्या सर्व्हरवरून सगळा पसारा नव्यावर न्यायचा असला की आम्ही त्याला मायग्रेशन म्हणतो, आणि ते कसं करायचं याचा एक ठरलेला क्रम असतो. तोच चष्मा लावून १३२७ सालाकडे बघितलं तर एक गंमत दिसते. प्लॅन वाईट नव्हता. आजचे बरेच प्रोजेक्ट मॅनेजर लाजतील इतका तो बरा होता. मग बोंबललं कुठे?

आधी कारण बघू. महंमद तुघलक १३२५ साली गादीवर आला तेव्हा दिल्लीची सत्ता दक्षिणेत बरीच खाली पोचली होती. देवगिरीच्या यादवांचं राज्य संपलं होतं, वरंगळ पडलं होतं. त्यातच कर्नाटकात सागरला सुलतानाच्या सख्ख्या आतेभावाने बंड केलं. दिल्लीत बसून हे सांभाळणं अवघड. त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो, की देवगिरी राज्याच्या मधोमध पडते, गुजरात, बंगाल, तेलंगण सगळं तिथून सारखंच लांब, असा सुलतानाचा हिशोब होता. देवगिरीचं नाव दौलताबाद झालं. इब्न बतूता मात्र वेगळंच सांगतो. दिल्लीकर म्हणे रात्री दरबारात सुलतानाला शिव्या घालणारी पत्रं टाकायचे, म्हणून त्याने सूड उगवला. पण हा गृहस्थ दिल्लीला आला १३३४ मध्ये, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. त्याची ही माहिती ऐकीव.

आता प्लॅन. वेगवेगळ्या लेखकांच्या नोंदी एकत्र केल्या की तो साधारण असा दिसतो:

१. टप्पे. याह्या सरहिंदी या पंधराव्या शतकातल्या लेखकाच्या मते आधी सुलतानाची आई, राजघराणं, अमीर-उमराव आणि खजिना गेला. सामान्य दिल्लीकरांचे काफिले त्यानंतर. आधी स्वतःचं घर हलवलं, मग लोकांचं.

२. घराची किंमत. दिल्लीतली घरं सरकारने मालकांकडून विकत घेतली आणि खजिन्यातून पैसे दिले. हे तर सुलतानाबद्दल फारसं बरं न बोलणारा इब्न बतूताही मान्य करतो. शिवाय निघताना आणि पोचल्यावर लोकांना पैसे दिले, असं बरनी लिहितो.

३. रस्ता. दिल्ली ते दौलताबाद ४० दिवसांची वाट. इब्न बतूता म्हणतो, की दुतर्फा इतकी झाडं होती की बागेतून चालल्यासारखं वाटे. डाक नेणाऱ्या धावकऱ्यांच्या चौक्या दर मैलाला तीन. सुलतान दौलताबादला असला की त्याच्यासाठी गंगेचं पाणीही याच लांब वाटेने यायचं.

४. नवी जागा. दमास्कसचा अल-उमरी स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही, पण प्रवाशांना विचारून त्याने लिहून ठेवलंय, की दौलताबादेत सैनिक, वजीर, कारकून, काझी, शेख अशा प्रत्येक वर्गासाठी वेगळा मोहल्ला आखला होता. प्रत्येकात मशीद, बाजार, हमाम, पिठाची चक्की, भट्टी, कारागीर. म्हणजे आजची टाउनशिपच म्हणा ना! फक्त त्याला माहिती देणाऱ्याने शहर पाहिलं तेव्हा बांधकाम पुरं झालेलं नव्हतं. हेही आजच्यासारखंच.

या यादीत पैसा आहे, रस्ता आहे, छप्पर आहे. नाही म्हणायची सोय तेवढी नाही.

इसामी नावाच्या एका कवीने हे स्वतः पाहिलंय. तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा होता. त्याचे आजोबा नव्वदीचे, सगळ्यातून निवृत्त होऊन घरात पडून असलेले. सरकारी माणसांनी त्यांना घराबाहेर काढलं. काफिला निघाला आणि तिलपतला, म्हणजे आजच्या फरीदाबादजवळ, पहिल्याच मुक्कामात म्हातारा गेला. तिथेच पुरलं. नातू पुढे निघाला. ४० दिवसांची वाट, आणि आजोबांना पहिला मुक्कामही सोसला नाही.

घर बदलणारा कुणीही सांगेल, की कपाट-फ्रिज जातात हो, माणसं हलवणं कठीण. आमच्या सोसायटीतल्या एका आजींना मुलाने नव्या फ्लॅटमध्ये नेलं, तर त्या आठवडाभर जुन्या दूधवाल्याचीच चौकशी करत होत्या. इथे तर नुसती गल्ली बदलली नव्हती. हवा, पाणी, भाषा सगळंच बदललं. बरनी लिहितो, की कित्येक जण वाटेत मेले, आणि पोचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना परमुलूख सोसला नाही. देवगिरीच्या चहूबाजूंना कबरस्तानं उभी राहिली.

पण म्हणून सगळी दिल्ली ओस पडली का? बरनी म्हणतो कुत्रं-मांजरसुद्धा उरलं नाही. इब्न बतूताची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे: एका आंधळ्याला दौलताबादेपर्यंत फरफटत नेलं आणि पोचला फक्त त्याचा पाय. ही पुन्हा ऐकीव. दगडावर कोरलेला पुरावा वेगळं सांगतो. दिल्लीजवळ नारायणा आणि सरबन इथे १३२७ आणि १३२८ सालचे संस्कृत शिलालेख सापडलेत. तिथल्या हिंदूंनी विहिरी बांधल्या आणि लेखात चक्क सुलतानाची स्तुती केली. गाव ओस पडत असताना विहीर कोण खणेल? म्हणून आज बरेच इतिहासकार मानतात, की हलवले गेले ते मुख्यतः दरबारी, अधिकारी, उलेमा, सूफी आणि त्यांच्यावर पोट असलेले लोक. तरी आकडा लहान नसणार. आणि इसामीच्या आजोबांना त्याने काहीच फरक पडत नाही.

मग रोलबॅक. १३३४-३५ च्या सुमारास खाली माबारमध्ये, म्हणजे तमिळ मुलखात, बंड झालं. सुलतान निघाला, पण वाटेत सैन्यात साथ आली आणि तो परत फिरला. (याच परतीच्या प्रवासात त्याचा दात पडला आणि तो बीडजवळ पुरला, अशी आख्यायिका आहे. दाताची कबर अजून दाखवतात.) त्यानंतर ज्यांना दिल्लीला जायचं त्यांना परवानगी मिळाली. ही मुभा निघताना दिली असती तर!

आमच्या धंद्यात रोलबॅक म्हणजे सगळं जसंच्या तसं पूर्ववत. माणसांच्या बाबतीत तसं होत नाही. दहा वर्षांत पोरं मोठी झाली, लग्नं झाली, कबरी झाल्या. ज्यांना महाराष्ट्र मानवला ते बायकापोरांसह इथेच राहिले, असं बरनीच सांगतो. त्यांची दिल्लीची बोली मराठी-तेलुगू-कन्नडच्या शेजारात मुरली आणि तिची दखनी झाली. १३४७ मध्ये दौलताबादच्या अमिरांनी बंड केलं, हसन नावाच्या सरदाराला तिथेच गादीवर बसवलं, आणि बहमनी राज्य सुरू झालं. दक्षिण ताब्यात ठेवायला म्हणून जी माणसं आणली, त्यांनीच ती तोडून घेतली. आणि आजोबांना तिलपतला सोडून आलेला तो पोरगा? त्याने आपला ग्रंथ १३५० मध्ये याच नव्या सुलतानाच्या आश्रयाने पुरा केला. त्यात महंमद तुघलकाची जी काय सालटी काढलीत, ती वाचण्यासारखी आहेत.

तर मंडळी, वेरूळला जाल तेव्हा वाटेत खुलताबादला थांबा. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्जी तिथे आहेत. ज्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे, ते झैनुद्दीन शिराझीही तिथेच. तिघेही याच स्थलांतरात दिल्लीहून आलेले. बुऱ्हाणुद्दीन तेव्हा सत्तरीच्या आसपास होते म्हणतात. ते परत गेले नाहीत. पुढे तापीकाठी वसलेल्या बुऱ्हाणपूरला नाव मिळालं ते त्यांचंच.