नोंदणीकृत मालकाची वाहनतळ शुल्कावरील हरकत (धाराशिव जिल्हा)

गाडी उभी केल्याबद्दल ठेकेदाराने, लॉजवाल्याने, मंगल कार्यालयाने किंवा दवाखान्याने मागितलेले पैसे आरसी बुकावर ज्याचे नाव आहे त्याने नाकारणे किंवा परत मागणे, हा या नोंदीचा विषय. धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) गाडी बहुधा वडिलांच्या नावावर असते, चालवतो मुलगा किंवा रोजावरचा ड्रायव्हर, आणि पैसे मागणारा तिसराच असतो. एमएच-२५ ची नंबरप्लेट पाहून यांतल्या नेमक्या कोणाला धरायचे, यावरच सगळा वाद असतो.

कायद्यापुरते बोलायचे तर पोलिसांचे चालान नंबरावरून मालकाचे घर शोधत येते, खासगी ठेकेदाराची पावती मात्र गाडी लावणाऱ्याच्या हातातच संपते. हे दोन कागद एकच समजून मालक कधी नको ते पैसे भरतो, तर कधी भरायचे तेही टाळतो.

जिल्ह्यात हा प्रश्न सर्वांत जास्त तुळजापुरात भेटतो. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा हे तिथले गर्दीचे दिवस; नवरात्र आणि कोजागरीला तर सोलापूर, लातूर, कलबुर्गी, बिदर या बाजूंनी क्रूझर, टेम्पो आणि खासगी बसची रीघ लागते. अशा वेळी गाड्या गावाबाहेरच्या मैदानांवरच थांबवल्या जातात. सार्वजनिक वाहनतळाचे काम ठेक्याने दिलेले असते. त्याला लागून कुणाचा रिकामा प्लॉट, कुणाचे परसू, कुणाच्या शेताची कड असते. एक दोरी, एक शिट्टी आणि एक पावतीपुस्तक एवढ्या भांडवलावर तिथे दोन दिवसांचा वाहनतळ उभा राहतो. पुजाऱ्याच्या घरी उतरणाऱ्या भाविकांची गाडी त्याच्याच दारात लागते, आणि तिथला हिशेब दक्षिणेत मिसळून जातो. त्यावर हरकत घेतल्याचे सहसा कोणी ऐकलेले नाही.

हातात पडणारी पावती बघण्यासारखी असते. पातळ कागद, वर देवीचे नाव, मधोमध छापलेली रक्कम. गाडी नंबरासाठी सोडलेल्या ठिपक्यांवर घाईघाईत शेवटचे चार आकडे खरडलेले, आत आल्याच्या वेळेची जागा कोरी. तळाशी बारीक अक्षरांत ‘गाडीची व सामानाची जबाबदारी मालकाची राहील’ अशा अर्थाची ओळ. हरकत घेणाऱ्याला जे हवे असते तेच नेमके या कागदावर नसते : ठेका कोणी दिला, कोणत्या ठरावाने, मंजूर दर किती आणि तक्रार कुठे करायची.

इथे पहिला फरक जागेचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे सार्वजनिक वाहनतळाच्या जागा ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेचा, तोही स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. नगरपरिषद अशी जागा ठेक्याने देते तेव्हा दर ठरावात असतो आणि अटी करारनाम्यात. ठेकेदाराला त्यापलीकडे एक रुपयाही मागता येत नाही. यात्रेची गर्दी हे दर वाढवण्याचे कारण होऊ शकत नाही; ठरावातच यात्रेचा दर वेगळा धरला असेल तर गोष्ट निराळी. हे कागद माहिती अधिकारात मिळतात. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवसांची, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा व दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो. ‘अमुक वाहनतळाच्या ठेक्याचा करारनामा आणि दरास मंजुरी देणारा ठराव यांच्या प्रती द्याव्यात’ एवढे एक वाक्य त्यासाठी पुरते. ठेकेदारावर भडकून लिहिलेल्या चार पानांपेक्षा या वाक्याचा उपयोग जास्त होतो.

खासगी जागेत पाया कराराचा असतो. फाटकावर दराचा फलक आहे, तो वाचून किंवा वाचता येईल अशा स्थितीत कोणी गाडी आत घातली, तर त्या माणसाने दर मान्य केला असे धरता येते. त्या माणसाने म्हणजे आत गाडी घालणाऱ्याने; घरी बसलेल्या मालकाने नव्हे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २(३०) मध्ये ज्याच्या नावे गाडी नोंदली तो मालक, अशी व्याख्या आहे खरी. पण ती त्या अधिनियमातल्या जबाबदाऱ्यांपुरती. लॉजच्या अंगणातल्या पन्नास रुपयांसाठी तिचा आधार घेता येत नाही. भाचा मामाची गाडी घेऊन येरमाळ्याच्या येडेश्वरीला गेला, तर तिथल्या प्लॉटवाल्याचे देणे भाच्याचे.

याला एक अपवाद आहे आणि तो गाडीधंद्यातल्या लोकांनी लक्षात ठेवावा असा आहे. ड्रायव्हर मालकाच्या पगारावर असेल आणि मालकाच्याच भाड्यावर गाडी नेत असेल, तर तो मालकाचा प्रतिनिधी ठरतो. धंद्याच्या ओघात त्याने कबूल केलेली नेहमीची पार्किंग फी भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे मालकावर येऊ शकते. ड्रायव्हरच्या खर्चीत पार्किंगचे पैसे वेगळे मोजून देण्याची जुनी पद्धत याच व्यवहाराला धरून आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये याच्या उलट व्यवस्था आहे. तिथल्या २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टने खासगी जागेत गाडीला जॅमर लावणे बंद केले आणि त्या बदल्यात, चौथ्या परिशिष्टानुसार, ठरावीक अटी पाळल्यास खासगी पार्किंग कंपनीला नोंदणीकृत धारकाकडून वसुलीची मुभा दिली. दोन्ही गोष्टी १ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झाल्या. अटी कडक आहेत : कॅमेऱ्याने नंबर टिपला असेल आणि काचेवर नोटीस लावली नसेल, तर धारकाला नोटीस चौदा दिवसांत पोचली पाहिजे. ती उशिरा आली किंवा तिच्यात आवश्यक मजकूर नसला, तर चालक कोण होता हे न सांगताही धारक हात वर करू शकतो. वेम्बली किंवा स्लाउच्या मराठी घरांत दारातून पडणारे पार्किंगचे पत्र हे या कायद्याचे अपत्य. २०१५ मध्ये पार्किंगआय कंपनीच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चेम्सफर्डच्या एका दुकानसंकुलात दोन तासांची मोफत मुदत ओलांडल्याबद्दलचे ८५ पौंड वैध ठरवले. महाराष्ट्रात अशा वसुलीला आधार देणारा कायदा नाही. त्यामुळे समाजमाध्यमावर फिरणारे लंडनचे सल्ले तुळजापुरात कामाचे नाहीत.

जास्त वेळ गाडी लावल्याचा किंवा टोकन हरवल्याचा दंड मात्र इथेही दिसतो. ‘टोकन हरवल्यास ५०० रुपये’ अशी पाटी असली म्हणून तेवढी रक्कम आपोआप देणे लागत नाही. करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. तिच्या आत जी वाजवी भरपाई होईल तेवढीच मिळते. आरसी, गाडीची किल्ली आणि ओळखपत्र दाखवून गाडी आपली असल्याचे पटवल्यावर वाहनतळवाल्याचे नुकसान राहिले किती? फार तर दिवसभराच्या दराएवढे. इथे मालकाचे नाव आरसीवर असणे प्रथमच त्याच्या बाजूने काम करते.

गाडी अडवून ठेवणे हा याहून गंभीर भाग. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागी लावलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तास वा अधिक बेवारस सोडलेली गाडी उचलायला किंवा तिला जॅमर लावायला गणवेशातल्या, हद्दीतल्या पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती असेल तर उचलण्याचा खर्च मालकावर येतो, गाडी कोणी का लावलेली असेना. ठेकेदाराच्या पोराला हा अधिकार नाही. फाटकात आडवे उभे राहून माणसाची वाट रोखली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ चा, म्हणजे गैरवाजवी अटकावाचा प्रश्न येतो. अशा वेळी रक्कम पावतीवर ‘हरकत राखून भरली’ असे लिहून द्यावी, फलकाचा आणि पावतीचा फोटो काढावा आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. बाचाबाचीत पावती फाडून टाकणारे पुष्कळ. तक्रारीला लागणारा तेवढाच एक पुरावा त्यांनी आपल्या हाताने संपवलेला असतो.

चालानाचे गणित वेगळे. मनाईच्या जागी गाडी दिसली, फोटो निघाला, की दंड नंबरावर पडतो आणि मालकाच्या मोबाइलवर संदेश जातो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि नंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. गाडी त्या वेळी कोणाकडे होती हे अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारले, तर कलम १३३ प्रमाणे मालकाने चालकाचे नाव-पत्ता सांगणे बंधनकारक. वाहनतळाच्या ठेकेदाराने हेच विचारले तर उत्तर देण्याचे बंधन नाही. इलेक्ट्रॉनिक देखरेखीतून निघालेल्या चालानाबाबत २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातलेला नियम १६७-अ सांगतो, की नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवली पाहिजे. महाट्रॅफिकच्या ॲपवर फोटो उघडून पाहता येतो आणि तिथेच तक्रार नोंदवता येते. फोटोत नंबर अर्धवट आहे का, गाडीचा रंग-मॉडेल जुळते का, मनाईचा फलक दिसतो का, हे आधी पाहावे. एका आकड्याच्या चुकीने परंड्याच्या ट्रॅक्टरवर पुण्यातला दंड पडणे अशक्य नाही.

याहून जास्त त्रास विकलेल्या गाड्यांचा. बाजारच्या दिवशी व्यवहार ठरतो, स्टँपपेपरवर लिहिणे होते, गाडी नावावर करण्याच्या टीटी फॉर्मवर सह्या होतात, आणि ते फॉर्म घेणाऱ्याच्या डिकीत वर्षानुवर्षे पडून राहतात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. तसे न झाल्यास कागदोपत्री मालक जुनाच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अपघाताच्या भरपाईचे असेच प्रकरण आले होते. गाडी हातोहात विकली गेलेली, ताबा भलत्याकडे. तरी जबाबदारी नोंदवहीतल्या नावावरच ठेवली गेली. पार्किंगचा दंड त्यामानाने किरकोळ, पण येतो त्याच वाटेने. गाडी नावावर करून देण्याचे काम घेणाऱ्यावर न सोपवता धाराशिवच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात स्वतः अर्ज देऊन पोच घेणे हाच यावरचा उपाय. मुलगा अल्पवयीन असेल तर प्रश्न दंडापुरता राहत नाही : कलम १९९-अ मध्ये पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

पावतीवरची ‘जबाबदारी मालकाची’ ही ओळही शेवटचा शब्द नव्हे. १९९८ मध्ये दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात पाहुण्याने किल्ली सोपवलेली मारुती झेन चोरीला गेली. पार्किंगच्या टोकनवर जोखीम मालकाची असल्याचे छापलेले होते. १४ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गाडी ताब्यात घेतल्यावर हॉटेलाला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीने झटकता येत नाही. किल्ली घेऊन गाडी लावणाऱ्या लॉजला आणि मंगल कार्यालयाला हा निकाल लागू पडतो. नुसती जागा दाखवून किल्ली मालकाकडेच राहिली असेल, तर लढाई अवघड होते.

मॉलच्या फीवर न्यायालयांचे एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मॉलना पार्किंगचे पैसे घेण्यास मनाई केली. केरळमध्ये कौल मॉलच्या बाजूने लागला. धाराशिवात हा प्रश्न अजून मोठ्या दुकानांपेक्षा दवाखान्यांच्या आवारात जास्त जाणवतो.

दाद मागायची ती क्रमाने. ठेका नगरपरिषदेचा असेल तर मुख्याधिकाऱ्याकडे लेखी अर्ज. तिथे दाद न मिळाल्यास जिल्हाधिकारी कार्यालयाचा लोकशाही दिन, जो महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरतो. रेल्वे स्थानकाच्या आवारातल्या ठेक्याची तक्रार १३९ या रेल्वे हेल्पलाइनवर जाते. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येते : २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने मुदत दोन वर्षांची ठेवली आहे आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, म्हणजे उमरग्याच्या माणसाला पुण्यातल्या वाहनतळाविरुद्ध पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. वीस रुपयांसाठी कोणी आयोगात जात नाही हे ठेकेदारालाही ठाऊक असते. म्हणून आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करणे जास्त व्यवहार्य.

फास्टॅगने मात्र ही सगळी मांडणी हलवली आहे. तामलवाडी आणि तलमोडच्या टोलनाक्यांवर जो टॅग वाचला जातो, तोच मोठ्या शहरांतल्या विमानतळांवर आणि काही व्यापारी संकुलांत पार्किंगसाठीही चालतो. तिथे पावती नाही, घासाघीस नाही. फाटक उघडते आणि पैसे टॅग ज्याच्या नावावर त्याच्या खात्यातून जातात, गाडी त्या दिवशी भाच्याकडे का असेना. आधी पैसे जातात, हरकत मागाहून घ्यावी लागते. चुकीची कपात दिसली तर टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार करायची, टोलनाक्यावरची असेल तर १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवरही. आणि गाडी विकताना आरसी नावावर करून देण्याबरोबर टॅगही बंद करायचा, नाहीतर नव्या मालकाच्या पार्किंगचे पैसे जुन्याच्या खात्यातून कापले जातात.