चित्रा हृदयझडप : भारतीय जैवपदार्थ-संशोधनाच्या इतिहासातील एक अभ्यास

गोषवारा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकशास्त्र आणि पदार्थविज्ञान या दोन ज्ञानशाखा परस्परांच्या निकट आल्या. कृत्रिम हृदयझडप हे या संयोगाचे ठळक उदाहरण होय. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेल्या 'चित्रा' झडपेची तीन प्रारूपे अपयशी ठरली आणि चौथे यशस्वी झाले. प्रस्तुत लेखात या चार प्रारूपांचा इतिहास तपासला असून, अपयश कोठे घडले, प्रयोगशाळेत की रुग्णाच्या शरीरात, हा प्रश्न वैद्यकीय साधनांच्या इतिहासात मध्यवर्ती मानला पाहिजे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : जैवपदार्थ, कृत्रिम हृदयझडप, श्री चित्रा संस्था, मिश्रधातू, बहुवारिक, संशोधनातील अपयश.

१. प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारतातील विज्ञानाचा इतिहास लिहिताना अणुऊर्जा, अवकाश संशोधन आणि हरितक्रांती या तीन क्षेत्रांकडे अभ्यासकांचे प्राधान्याने लक्ष गेले आहे. वैद्यकीय साधनांच्या निर्मितीकडे त्या तुलनेने दुर्लक्ष झाले. रुग्णालयातील शस्त्रक्रियागृह आणि धातुशास्त्राची प्रयोगशाळा ही दोन ठिकाणे एकमेकांपासून दूर मानली जात असल्यामुळे त्यांना जोडणारा इतिहासही कोणत्याच शाखेच्या वाट्याला आला नाही.

चित्रा झडपेचा इतिहास सामान्यतः स्वदेशी तंत्रज्ञानाची यशोगाथा म्हणून सांगितला जातो. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. १९९० साली ही झडप प्रथम मानवी हृदयात बसविली गेली, त्यामागे एका तपाहून अधिक काळाचे प्रयत्न होते आणि त्यातील बराचसा काळ अपयशाचा होता. या अपयशाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय यशाचा अर्थ लागत नाही.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) कृत्रिम हृदयझडपेच्या विकासात पदार्थनिवडीचे स्थान स्पष्ट करणे.
२) चित्रा झडपेच्या चार प्रारूपांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
३) पाश्चात्त्य देशांतील समांतर घटनांशी तुलना करून संशोधनातील अपयशाचे महत्त्व तपासणे.

३. पार्श्वभूमी : रोग आणि गरज

घशाला होणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंच्या संसर्गानंतर काही मुलांना संधिवाताचा ज्वर येतो. सांध्यांचे दुखणे बरे होते. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र मागे राहते. झडप आकसते किंवा तिच्यातून रक्त मागे गळू लागते आणि ऐन तारुण्यात रुग्ण धाप लागून अंथरुणाला खिळतो. दाट वस्ती, दारिद्र्य आणि पेनिसिलिनचा वेळेवर न मिळणारा उपचार ही या विकाराची सामाजिक कारणे आहेत. पश्चिम युरोप व अमेरिकेत राहणीमान सुधारले तसा हा विकार ओसरला. भारतात तो शाळकरी मुले आणि तरुण स्त्रिया यांच्यात मोठ्या प्रमाणावर टिकून राहिला.

झडप बदलणे हाच अनेक रुग्णांपुढील अखेरचा उपाय होता. परंतु झडपा परदेशातून आयात कराव्या लागत आणि त्यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. म्हणजे शस्त्रक्रियेचे कौशल्य देशात होते, रुग्णही होते. मधला दुवा मात्र विकत आणावा लागत होता.

४. कृत्रिम झडपेचा पाश्चात्त्य वारसा

१९५२ साली अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स हुफनागेल यांनी प्लॅस्टिकची, चेंडूच्या तत्त्वावर चालणारी झडप रुग्णाच्या महारोहिणीत बसविली. १९६० साली अल्बर्ट स्टार व अभियंता लोवेल एडवर्ड्स यांनी पिंजरा व चेंडू असलेली झडप प्रत्यक्ष हृदयातील द्विदल झडपेच्या जागी यशस्वीपणे वापरली. १९६९ मध्ये ब्यॉर्क-शायली ही कलत्या तबकडीची झडप आली. १९७७ मध्ये पायरोलिटिक कार्बनची दोन पाकळ्यांची सेंट ज्यूड झडप वापरात आली.

या प्रत्येक टप्प्यावर खरी अडचण आकृतीची नव्हती, पदार्थाची होती. आरंभीच्या चेंडूंमधील सिलिकॉन रबर रक्तातील स्निग्ध पदार्थ शोषून फुगत व चिरत असे. डेल्रिन या प्लॅस्टिकची तबकडी निर्जंतुकीकरणाच्या वाफेत ओलावा धरून आकार बदलत असे. हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा स्पंदन पावते असे धरल्यास झडप दिवसाला सुमारे एक लाख वेळा आणि दहा वर्षांत सुमारे ३७ कोटी वेळा उघडते व मिटते. एवढा ताण सोसणारा, न झिजणारा, न गंजणारा आणि रक्ताची गुठळी होऊ न देणारा पदार्थ निसर्गात सहज सापडत नाही. पायरोलिटिक कार्बन या कसोट्यांवर बराच उतरला. परंतु तो तयार करण्याचे तंत्र त्या काळी भारताच्या हाती नव्हते.

५. संस्थेची जडणघडण

१९७३ साली त्रावणकोरच्या राजघराण्याने तिरुवनंतपुरम येथील बहुमजली इमारत केरळच्या जनतेसाठी दिली. १९७६ मध्ये पी. एन. हक्सर यांच्या हस्ते श्री चित्रा तिरुनाल वैद्यकीय केंद्राचे उद्घाटन होऊन रुग्णसेवा सुरू झाली. त्यानंतर लवकरच पूजपुरा येथील सातेलमंड राजवाड्यात जैववैद्यकीय अभियांत्रिकी विभाग उभा राहिला. रुग्णालय आणि राजवाडा यांत सुमारे ११ किलोमीटरचे अंतर होते. १९८० साली संसदेच्या कायद्यान्वये या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला व ती विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीत आली. एकाच प्रशासनाखाली रुग्णालय व तंत्रज्ञान विभाग नांदविण्याची ही रचना भारतात नवी होती.

या रचनेचे शिल्पकार डॉ. एम. एस. वलियाथन (१९३४–२०२४) हे हृदयशल्यविशारद होते. अमेरिकेत त्यांनी हुफनागेल यांच्यासमवेत काम केले होते. झडपेच्या प्रकल्पात अभियंता जी. एस. भुवनेश्वर व इतर सहकारी त्यांच्यासोबत होते. शल्यविशारदाला झडपेकडून काय हवे आहे आणि अभियंत्याला पदार्थाकडून काय मिळू शकते, याची देवाणघेवाण येथे पत्रव्यवहाराने नव्हे, तर रोजच्या कामातून होत होती.

६. चार प्रारूपांचा इतिहास

अ) पहिले प्रारूप : टायटॅनियमचा पिंजरा आणि पॉलिॲसिटल या प्लॅस्टिकची तबकडी अशी पहिल्या प्रारूपाची रचना होती. तबकडीला आधार देणाऱ्या दांड्या चौकटीला वेल्डिंगने जोडलेल्या होत्या. वेगवर्धित चाचणीत, म्हणजे झडप हृदयापेक्षा कितीतरी पट वेगाने सतत उघडमीट करवणाऱ्या यंत्रावर, हे वेल्डिंगचे सांधे तुटले.

आ) दुसरे प्रारूप : सांधाच नको म्हणून टायटॅनियमच्या एकसंध ठोकळ्यातून चौकट कोरून काढण्यात आली. तबकडीसाठी एकस्फटिकी नीलम निवडला गेला. नीलम रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय व अत्यंत कठीण असतो. येथे त्याचा कठीणपणाच घातक ठरला. तबकडी अभंग राहिली; मात्र तिच्या घर्षणाने टायटॅनियमच्या दांड्या प्रमाणाबाहेर झिजल्या. एकेका पदार्थाचे गुण स्वतंत्रपणे पाहणे पुरेसे नसते, पदार्थांची जोडी तपासावी लागते, हा धडा या प्रारूपाने दिला.

इ) तिसरे प्रारूप : चौकटीसाठी हेन्स-२५ हा कोबाल्ट, क्रोमियम, टंगस्टन व निकेल यांचा झीजरोधक मिश्रधातू घेतला गेला, तबकडी नीलमाचीच राहिली. यंत्रावरील चाचण्यांत ही जोडी टिकली. त्यानंतर झडप मेंढ्यांच्या हृदयात बसविण्यात आली. त्यांपैकी एका मेंढीच्या हृदयातील नीलमाची तबकडी भंगली व ती मेंढी दगावली. ठिसूळ पदार्थातील सूक्ष्म दोष यंत्रावर लपून राहू शकतो आणि जिवंत हृदयात प्रकट होऊ शकतो, हे यातून उघड झाले.

ही घटना या इतिहासातील निर्णायक क्षण मानावी लागते. अनेक वर्षांचे श्रम व शासकीय निधी खर्ची पडला होता. एका प्राण्यातील भंग हा अपवाद ठरवून पुढे जाण्याचा मार्ग मोकळा होता. संशोधकांनी तसे केले नाही. नीलमाचा त्याग करण्यात आला.

ई) चौथे प्रारूप : हेन्स-२५ ची चौकट कायम ठेवून तबकडीसाठी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन निवडले गेले आणि झडप हृदयाला शिवण्यासाठी पॉलिएस्टरच्या विणीचे कडे लावण्यात आले. हे पॉलिएथिलीन नीलमाच्या तुलनेत मऊ व स्वस्त. परंतु ते आघात शोषते, तडकत नाही आणि धातूला झिजवत नाही. उघडमीट होताना आवाजही कमी होतो. दीर्घकालीन वेगवर्धित चाचण्या व मेंढ्यांवरील प्रयोग यशस्वी झाल्यानंतर ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम मानवी रुग्णात बसविण्यात आली. पुढे देशातील सहा केंद्रांत ३०६ रुग्णांवर वैद्यकीय चाचणी झाली. त्यांपैकी २०५ जणांची द्विदल झडप व १०१ जणांची महारोहिणी झडप बदलण्यात आली होती. या पाहणीत झडपेची रचनात्मक मोडतोड आढळली नाही. उत्पादनाचे तंत्रज्ञान टीटीके उद्योगसमूहाकडे सुपूर्द झाले व झडप 'टीटीके चित्रा' या नावाने आयात झडपांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत उपलब्ध झाली. त्यानंतरच्या काळात एक लाखाहून अधिक झडपा वापरल्या गेल्या.

७. तुलनात्मक विवेचन

चित्रा झडपेची प्रारूपे घडत होती, साधारण त्याच काळात पाश्चात्त्य बाजारात ब्यॉर्क-शायली झडपेची बहिर्वक्र-अंतर्वक्र तबकडीची आवृत्ती विकली जात होती (१९७९–१९८६). तिची एक दांडी वेल्डिंगने जोडलेली होती. जगभरात अशा सुमारे ८६ हजार झडपा बसविल्या गेल्या. त्यांपैकी शेकडो झडपांची दांडी वेल्डिंगच्या जागी तुटली आणि त्यातील बहुसंख्य रुग्ण दगावले. झडप बाजारातून मागे घेतल्यावरही हजारो रुग्णांना छातीत ती घेऊनच जगावे लागले. ती काढण्याची शस्त्रक्रियाही जोखमीचीच होती.

अस्थिशल्यक्रियेच्या इतिहासातही असाच दाखला मिळतो. इंग्लंडमधील जॉन चार्नले यांनी कृत्रिम खुब्यासाठी आरंभी टेफ्लॉन वापरले. सुमारे ३०० रुग्णांत ते बसविल्यानंतर त्याची झपाट्याने झीज होते व झिजलेले कण ऊतींना इजा करतात, हे लक्षात आले. १९६२ पासून त्यांनी उच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन स्वीकारले. पुढे याच कुळातील पदार्थ चित्रा झडपेची तबकडी बनला.

तिन्ही ठिकाणी पदार्थ अपयशी ठरला. वेल्डिंगचा सांधा तर दोन ठिकाणी तुटला. फरक आहे तो स्थळाचा. एका ठिकाणी अपयश चाचणीयंत्रावर व मेंढीच्या हृदयात घडले, इतर दोन ठिकाणी ते रुग्णांच्या शरीरात घडले. याचा अर्थ भारतीय संशोधक अधिक सावध वृत्तीचे होते असा सरसकट काढता येणार नाही. चार्नले यांच्या काळी अशा चाचण्यांची परंपराच अल्प होती, तर चित्रा संस्थेला पूर्वसूरींच्या चुका अभ्यासता आल्या. बाजारपेठेची घाई नसणे हाही तिच्या दृष्टीने लाभ होता.

तरीही एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. १९९० साली हृदयझडपेवर नियंत्रण ठेवणारा स्पष्ट कायदा भारतात नव्हता. हृदयझडपांचा समावेश औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील अधिसूचित साधनांत २००५ साली झाला. वैद्यकीय साधनांसाठीचे स्वतंत्र नियम २०१७ साली आले. म्हणजे तिसरे प्रारूप सोडून देण्याची सक्ती संशोधकांवर कोणी केलेली नव्हती. ती शिस्त संस्थेने स्वतःवर घालून घेतली होती.

८. मर्यादा

चित्रा झडप ही समस्येची संपूर्ण उकल नव्हे. सर्व यांत्रिक झडपांप्रमाणे तिच्या रुग्णालाही रक्त गोठू न देणारे औषध आयुष्यभर घ्यावे लागते व रक्ताची नियमित तपासणी करावी लागते. दुर्गम खेड्यातील रुग्णाला हे सातत्य राखणे कठीण जाते. तरुण स्त्रियांच्या गर्भारपणात या औषधाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. शिवाय झडप बदलणे हा रोगाच्या अखेरच्या टप्प्यावरील उपाय आहे. मुलाचा घसा सुजला असताना मिळालेले पेनिसिलिन याहून स्वस्त व परिणामकारक असते. स्वदेशी झडपेचा गौरव करताना रोगप्रतिबंधाचे हे अपयश झाकले जाऊ नये.

९. निष्कर्ष

१) चित्रा झडपेच्या विकासातील प्रत्येक वळण पदार्थाच्या एका विशिष्ट मर्यादेतून उद्भवले : सांध्याचा दुबळेपणा, विषम जोडीतील झीज व स्फटिकाचा ठिसूळपणा.
२) सर्वांत कठीण व मौल्यवान पदार्थ अपयशी ठरला आणि साधे बहुवारिक यशस्वी झाले. पदार्थाची योग्यता त्याच्या गुणांच्या कमाल मूल्यावर नव्हे, तर कार्याशी असलेल्या मेळावर ठरते.
३) रुग्णालय व प्रयोगशाळा यांना एका संस्थेत आणणारी रचना या यशाचे महत्त्वाचे कारण होती.
४) वैद्यकीय साधनांच्या इतिहासलेखनात केवळ यशाची तारीख नोंदविणे पुरेसे नाही. त्याआधी काय मोडले, कोठे मोडले आणि ते मोडल्यावर संशोधकांनी काय केले, याची नोंद तितकीच आवश्यक आहे.

६ डिसेंबर १९९० ही तारीख संस्थेच्या इतिहासात नोंदली गेली आहे. मेंढीच्या हृदयात नीलमाची तबकडी भंगली, त्या दिवसाचा असा उल्लेख सहसा होत नाही. पुढील हजारो रुग्णांच्या सुरक्षिततेचा पाया मात्र त्या दिवसानंतरच्या निर्णयाने घातला गेला.