जैवपटल : पटकीच्या जीवाणूची वस्ती आणि तिचे विघटन

एखाद्या पृष्ठभागाला चिकटून, स्वतःच स्रवलेल्या बुळबुळीत द्रव्यात एकत्र राहणाऱ्या जीवाणूंच्या थराला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. दातांवरचे किटण व ओढ्यातील दगडांवरचा निसरडा थर ही त्याची परिचित उदाहरणे होत.

पटकीचा (कॉलऱ्याचा) जीवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, याच्या जैवपटलाचा अभ्यास विशेष तपशिलाने झाला आहे. मोकळ्या पाण्यात तो टोकावरील एकुलत्या एका कशाभिकेच्या साहाय्याने पोहतो. कोपेपॉडसारख्या सूक्ष्म जलचराचे कायटिनयुक्त कवच लाभले, की बारीक तंतूंनी तो त्याला धरतो. ही पहिली पकड सैल असते आणि अनेक जीवाणू पुन्हा सुटून जातात. पेशीतील चक्रीय डाय-जीएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढले, की पोहणे मंदावते आणि बहुशर्करा व प्रथिने स्रवू लागतात. त्यांपैकी आरबीएमए हे प्रथिन शेजारच्या पेशींना परस्परांशी बांधते, तर बॅप-१ हे प्रथिन थराला पृष्ठभागाशी जखडते.

वस्ती मोडण्याची रीत अधिक नवलाची आहे. प्रत्येक जीवाणू काही संदेशरेणू बाहेर सोडतो. त्यांच्या संचयावरून गर्दीचा अंदाज येतो. इतर अनेक जीवाणूंत गर्दी जैवपटलाच्या बांधणीस चालना देते. येथे मात्र उलट घडते. दाटी झाली की हॅप-आर हे नियामक प्रथिन बहुशर्करेची निर्मिती रोखते, विकरे भोवतीचे जाळे सैल करतात आणि पेशी पुन्हा पोहू लागतात. आतड्यात संख्या फोफावल्यावर तेथून बाहेर पडून नवे ठिकाण गाठणे जीवाणूच्या हिताचे असते, असा याचा अर्थ लावला जातो.

माणसाच्या दृष्टीने धोका जैवपटलातच अधिक आहे. जठरातील आम्लात सुटे जीवाणू मोठ्या संख्येने मरतात. जैवपटलातील जीवाणू त्यांच्यापेक्षा अधिक तग धरतात. कोपेपॉडवर वस्ती करणारे असंख्य जीवाणू पाण्याच्या एकाच घोटातून पोटात जाऊ शकतात.

पण याच सवयीमुळे त्यांना गाळून काढणेही शक्य होते. सुटा जीवाणू कापडातून सहज निसटतो, कोपेपॉड निसटत नाही. रिटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागातील 65 गावांत हा उपाय पारखला. चार वा अधिक घड्या घातलेल्या जुन्या सुती साडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण सुमारे 48 टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. पाणी उकळणे अर्थातच अधिक खात्रीचे. परंतु जेथे सरपणच दुर्मिळ, तेथे तो सल्ला कितपत पाळला जाणार? जुनीच साडी घेण्यामागे काटकसरीपलीकडचे कारण होते : वारंवार धुतल्याने सुताचे धागे फुलतात, त्यांच्यामधील छिद्रे आक्रसतात आणि घड्या घातल्यावर सुमारे 20 मायक्रॉनची चाळणी तयार होते.