दोन प्लायवुडांची होडी

हुसेनसागर म्हटला की आम्हा हैदराबादकर मराठी मंडळींना आधी अनंत चतुर्दशी आठवते. टँक बंडवरची गर्दी, क्रेनच्या रांगा आणि 'पुढच्या वर्षी लवकर या'चा गजर. पण एरवी या तळ्यावर आणखीही काही चाललेले असते. चांगला वारा असलेल्या दिवशी बंडावरून पाहिले तर पांढऱ्या शिडांच्या इवल्याशा होड्या दिसतात. प्रत्येक होडीत एकच मूल, आणि सुकाणू त्याच्याच हातात. पुढून चोच कापून टाकावी तशा चपट्या तोंडाच्या या होडीचे नाव 'ऑप्टिमिस्ट', म्हणजे आशावादी. तिचा इतिहास सणाच्या अंकात सांगावा असाच आहे, कारण ती जन्मली एका मंडळाच्या खर्चाच्या चर्चेतून.

साल १९४७. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर नावाचे समुद्रकाठचे गाव. तिथे 'ऑप्टिमिस्ट क्लब' ही समाजसेवी संस्था मुलांसाठी खोक्यांच्या गाड्यांची शर्यत भरवी. लाकडी खोक्याला चाके लावायची, आत मूल बसवायचे आणि गाडी उतारावरून सोडून द्यायची. गावातले दुकानदार एकेका गाडीचा ५० डॉलरचा खर्च उचलत. मुले आनंदाने भाग घेत, पण शर्यत एका दिवसात संपे आणि गाडी तेवढ्यासाठीच. मेजर क्लिफर्ड मॅके या गृहस्थांनी क्लबपुढे विचार मांडला : एवढ्याच पैशांत मुलांना होडी देता आली तर? आपल्या गावाला समुद्र आहे, आणि होडी काही एका दिवसात संपत नाही.

हे काम गेले क्लार्क मिल्स या गावातल्याच होडी बांधणाऱ्या कारागिराकडे. अट एकच, खर्च ५० डॉलरच्या आत. प्लायवुडची शीट तेव्हाही आठ फूट लांब आणि चार फूट रुंद मिळे. मिल्सने हिशेब मांडला की दोन शीटमध्ये होडी बसवायची. नेहमीसारखी निमुळती नाळ काढायची तर आठ फुटांत मुलाला बसायला जागा उरेना. म्हणून त्याने नाळच छाटली आणि पुढे सपाट फळी लावली. होडीची लांबी भरली जेमतेम पावणेआठ फूट. तिच्या ज्या रूपाला आजही लोक हसून 'आंघोळीचा टब' म्हणतात, ते रूप असे प्लायवुडच्या मापातून आले.

पण टब भलताच गुणी निघाला. सपाट तळामुळे होडी पाण्यावर स्थिर राहते, आणि साध्या सुताराला, किंवा बापलेकांना मिळूनही, ती घरी बांधता येते. डोलकाठी आखूड, आणि शिडाचा वरचा कोपरा एका तिरक्या काठीने ताणून धरलेला. डोलकाठीसकट सगळ्या काठ्या होडीच्या लांबीत मावतात. होडी वाऱ्याने आडवी वाहत जाऊ नये म्हणून मधून पाण्यात एक फळी सोडतात. उथळ पाण्यात ती वर ओढून घेता येते. आजच्या होडीचे खोड सुमारे ३५ किलो भरते. ती उलटली तरी मूल ती स्वतः सरळ करते, डब्याने पाणी उपसते आणि पुन्हा निघते. शिकवणारा सोबत बसत नाही, त्यामुळे वारा कुठून येतो हे मुलाला स्वतःच ओळखावे लागते.

मिल्सने हा आराखडा क्लबला देऊन टाकला. होडीला क्लबचेच नाव मिळाले. १९५४ च्या सुमारास अॅक्सेल डामगार्ड या डॅनिश गृहस्थाने तो डेन्मार्कला नेला. तिथून ही होडी आजूबाजूच्या देशांत आणि मग युरोपभर पसरली. १९६५ मध्ये तिची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. आज १०० हून अधिक देशांत ही होडी आहे, आणि नोंदलेल्या होड्यांची संख्या दीड लाखाच्या वर गेली आहे. पंधराव्या वर्षापर्यंतची मुले तिच्या शर्यतींत उतरतात. चार ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणारा इंग्लंडचा बेन एन्स्ली लहानपणी याच टबात शिकला.

प्रसार झाला तशी अडचणही आली. लाकडाच्या जागी फायबरग्लास आले आणि घरच्या अंगणाऐवजी कारखान्यांत होड्या बनू लागल्या. मापांत थोडीफार सूट होती. तिचा फायदा घेऊन काही कारखाने जरा जास्त वेगवान, आणि अर्थात जास्त महाग, होड्या काढू लागले. स्वस्ताईसाठी जन्मलेल्या होडीत पैसेवाल्याचे मूल पुढे जाणार अशी लक्षणे दिसू लागली. अखेर १९९५ पासून संघटनेने कडक नियम आणला की होडी कोणत्याही कारखान्यातली असो, खोड सारखेच हवे. त्यामुळे जिंकणे पुष्कळसे मुलाच्या हाती राहिले.

तरीही शर्यतीची नवी होडी आज लाखांत जाते. जगात बऱ्याच ठिकाणी ती सधन घरांचाच खेळ झाली आहे. म्हणून हुसेनसागरावरचे दृश्य आम्हांला मोलाचे वाटते. इथल्या यॉट क्लब ऑफ हैदराबादने गरीब वस्त्यांतली, होडी कधी जवळून न पाहिलेली मुले या खेळात आणली. मध्य प्रदेशात भोपाळच्या मोठ्या तलावावर सरकारी प्रशिक्षणातून मुले तयार होतात. आपल्या माळव्यातल्या देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तिथेच शिकली आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीत तिने रौप्यपदक मिळवले. समुद्र नसलेल्या मुलखातून हे घडले, ते तलाव होता आणि कुणीतरी मुलांच्या हाती होडी दिली म्हणून.

वर्गणी जमली की ती कशावर खर्चावी, हा प्रश्न आपल्या मंडळांनाही दरवर्षी पडतो. आरास हवीच, तिच्याशिवाय उत्सव कसला? पण क्लिअरवॉटरच्या मंडळींनी एका दिवसाच्या गाडीचेच पैसे होडीकडे वळवले, आणि पाऊणशे वर्षांनंतरही मुले तीत बसून शिकत आहेत. आपल्या वर्गणीतले थोडे पैसे असे मुलांच्या हाती सोपवता आले, तर ते दहा दिवसांनी विसर्जित होणार नाहीत.