शिरोडकर टाका आणि वेळेचे गणित

शहापूर/मुरबाड, प्रतिनिधी

चौथ्या-पाचव्या महिन्यात फारशा कळा न येता गर्भ पडतो. पुढच्या खेपेसही तसेच घडते. घरात कोणी नजर लागल्याचे म्हणते, कोणी सुनेच्या कामाला बोल लावते. प्रत्यक्षात अशा घटनेमागे गर्भाशयमुखाची दुर्बलता हे कारण असू शकते. त्यावरील एक प्रमुख उपाय मुंबईतच विकसित झाला आणि आज तो 'शिरोडकर टाका' या नावाने जगभर ओळखला जातो. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील स्त्रीला त्याचा लाभ मिळणे मात्र दोन तारखांवर अवलंबून असते. पहिली टाका घालण्याची आणि दुसरी तो काढण्याची.

दुर्बलता म्हणजे काय?

गर्भाशयाचे मुख नऊ महिने घट्ट मिटलेले राहते व प्रसूतीच्या वेळी कळांबरोबर उघडते. काही स्त्रियांमध्ये ते गर्भाचा भार पेलू शकत नाही आणि वेळेआधीच आखूड होऊन उघडू लागते. ग्रामीण भागात यालाच 'पिशवीचे तोंड उघडणे' म्हणतात. शंभर गर्भवतींमागे सुमारे एक किंवा त्याहून कमी स्त्रियांमध्ये हा दोष आढळतो.

जन्मजात रचना, गर्भाशयमुखावरील पूर्वीची शस्त्रक्रिया, वारंवार केलेली 'पिशवीची सफाई' किंवा आधीच्या प्रसूतीत झालेली इजा ही त्याची काही कारणे होत. पुष्कळदा कोणतेच कारण सापडत नाही. ओटीपोटात जडपणा, कंबरदुखी, स्रावात बदल किंवा किंचित रक्त दिसणे ही लक्षणे असू शकतात. पण अनेकींना काहीही जाणवत नाही. त्यामुळे पूर्वीचा गर्भ कितव्या महिन्यात व कसा पडला, ही माहिती निदानात सर्वांत मोलाची ठरते.

डॉ. शिरोडकरांची देणगी

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म 1899 मध्ये गोव्यातील शिरोडा येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. चौथ्या ते सातव्या महिन्यांदरम्यान वारंवार गर्भ गमावणाऱ्या स्त्रियांवर त्यांनी केलेली शस्त्रक्रिया 1955 मध्ये प्रसिद्ध झाली. योनिमार्गातील आवरण उघडून, मूत्राशय किंचित वर सारून गर्भाशयमुखाभोवती उंचावर पट्टी बांधायची, अशी ती पद्धत. आरंभी ही पट्टी मांडीतील स्नायूंवरच्या आवरणातून घेतली जाई. पुढे कृत्रिम धाग्याच्या पट्ट्या आल्या. 1971 मध्ये त्यांना पद्मविभूषण किताब मिळाला व त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

ऑस्ट्रेलियातील डॉ. इयान मॅकडोनल्ड यांनी 1957 मध्ये याहून सोपी पद्धत मांडली. तिच्यात आवरण उघडावे लागत नाही. बटव्याच्या नाडीप्रमाणे मुखाभोवती टाका ओवून आवळला जातो. ही पद्धतही आज सर्रास वापरली जाते.

टाका कोणाला, कधी?

तीन किंवा अधिक वेळा मधल्या महिन्यांत गर्भ गमावलेल्या वा अकाली प्रसूती झालेल्या स्त्रीला साधारण 11 ते 14 आठवड्यांदरम्यान टाका सुचवला जातो. कळांविना गर्भ पडल्याचा स्पष्ट इतिहास असल्यास काही तज्ज्ञ एका घटनेनंतरही तो सुचवतात. दुसरा मार्ग देखरेखीचा. 16 ते 24 आठवड्यांदरम्यान दर दोन आठवड्यांनी योनिमार्गातून सोनोग्राफी करून मुखाची लांबी मोजतात. ती 25 मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास टाका घालतात. या देखरेखीत बऱ्याच जणींना टाक्याची गरजच पडत नाही. काहींना प्रोजेस्टेरॉनचे औषध दिले जाते. मुख उघडल्यावर तातडीने घालावयाचा टाका हा तिसरा प्रकार. त्यात यशाची शाश्वती कमी असते.

टाका हा हमखास उपाय नव्हे. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 1,292 स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत सुमारे 25 टाक्यांमागे 33 आठवड्यांपूर्वीची एक प्रसूती टळल्याचे दिसले. मात्र पूर्वी तीन वा अधिक वेळा असा आघात सोसलेल्या स्त्रियांमध्ये लाभ ठळक होता. जंतुसंसर्ग, सुरू झालेल्या कळा, फुटलेली पाणपिशवी किंवा रक्तस्राव असल्यास टाका घालत नाहीत. जुळ्यांमध्येही तो सरसकट घातला जात नाही.

पाड्यापासून रुग्णालयापर्यंत

शहरात दर पंधरवड्याला सोनोग्राफी म्हणजे तासा-दोन तासांचे काम. डोळखांब परिसरातील स्त्रीला त्यासाठी आधी शहापूर आणि गरज पडल्यास आसनगावहून रेल्वेने पुढे जावे लागते. माळशेजच्या पायथ्याकडील टोकावडे भागातून मुरबाड व तेथून रस्त्यानेच कल्याण गाठावे लागते. अशा चार-पाच फेऱ्या म्हणजे तितक्याच दिवसांची बुडालेली मजुरी. म्हणूनच देखरेख करायची की सुरुवातीलाच टाका घालायचा, हे ठरवताना स्त्रीने आपले अंतर व अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगणे आवश्यक आहे.

टाक्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह तिन्ही एकाच वेळी हवेत. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय वा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय येथे प्रथम तपासणी करून पुढे कोठे जावयाचे, हे वेळेत ठरवून घ्यावे. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. 2016 पासून सुरू असलेली ही सोय त्यासाठी उपयोगी पडते. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या व वाहतूक विनामूल्य आहे.

काढण्याची तारीख विसरू नका

टाका साधारण 36 ते 37 आठवड्यांत काढतात. मॅकडोनल्ड पद्धतीचा टाका काढण्यासाठी बहुधा भूल लागत नाही. तो तसाच राहून कळा सुरू झाल्यास गर्भाशयमुख फाटू शकते व गर्भाशयालाही धोका संभवतो. पोटातून घातलेला टाका असल्यास प्रसूती सिझेरियननेच करावी लागते.

या तालुक्यांत हा धोका खरा आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. गणपतीच्या सुमारास तेराव्या आठवड्यात टाका घातला, तर तो काढण्याची वेळ होळीच्या आधीच येते. त्या वेळी कुटुंब भट्टीवर असते आणि गावची आशाताई दूर. माहेरी बाळंतपणाला जाणाऱ्या लेकीचेही तसेच. टाका सासरच्या डॉक्टरांनी घातलेला आणि प्रसूती करणारे वेगळेच. अशा वेळी माता व बाल संरक्षण कार्डावरील ठळक नोंदच कामी येते. टाक्याचा प्रकार, घातल्याची तारीख, काढण्याची तारीख आणि रुग्णालयाचे नाव तीत असावे.

विश्रांती किती?

टाक्यानंतर सतत अंथरुणाला खिळून राहण्याचा लाभ सिद्ध झालेला नाही. उलट पायांत रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. हिंडणे-फिरणे चालते. मात्र डोक्यावरून पाणी वाहणे, विटा उचलणे, शरीरसंबंध यांविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि तो सल्ला घरातील वडीलधाऱ्यांच्या समक्ष घ्यावा. उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागणाऱ्या पाड्यांवर घागर उचलायची कोणी, हा निर्णय एकट्या सुनेच्या हाती नसतो.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नका

- ताप, थंडी किंवा दुर्गंधीयुक्त स्राव
- पाणी जाणे किंवा रक्तस्राव
- ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, ओटीपोटात जोर आल्याची भावना
- बाळाची हालचाल मंदावणे

यांपैकी काहीही आढळल्यास 108 किंवा 102 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, कार्ड सोबत घ्यावे आणि रुग्णालयात शिरताच 'टाका घातलेला आहे' हे प्रथम सांगावे.

आणि ज्यांचा गर्भ पूर्वी मधल्या महिन्यांत पडला आहे, त्यांनी पाळी चुकताच नोंदणी करून ती घटना आशाताईंना सांगावी. संकोचापायी ती पाचव्या महिन्यापर्यंत दडवून ठेवल्यास टाक्याची वेळ निघून गेलेली असते.