रेशमांतील पाण्याचा हिशेब



पावसाळ्यांत बरणींतल्या मिठाला पाणी सुटतें, तेव्हां हवेंतला ओलावा त्यानें ओढून घेतला हें आपणांस नुसत्या डोळ्यांनीं कळतें. रेशीम याहून लबाड. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकें पाणी पिऊनहि तें हाताला ओलें लागत नाहीं. आणि विकलें तर जातें वजनावर! दमट तळघरांतून काढलेल्या गासडींत रेशीम किती नि पाणी किती, हा प्रश्न युरोपांतील व्यापाऱ्यांच्या पैशाचा होता, तसाच अब्रूचाहि.

इटलींतील तुरीन शहरानें १७५० सालीं यासाठीं एक सार्वजनिक व्यवस्था केली. फ्रान्समधील लिआँ ही रेशमाची थोर पेठ. तेथें नेपोलियनच्या आज्ञेनें १८०५ सालीं अशीच संस्था निघाली. आरंभीची रीत भाबडी होती. रेशीम ऊबदार खोलींत दिवसभर ठेवावयाचें आणि मग भरेल तें वजन खरें मानावयाचें. परंतु खोलींतील हवा रोज सारखी थोडीच असते? बाहेर पाऊस असला कीं रेशीम कमी सुके, ऊन असलें कीं अधिक. म्हणजे तंटा होता तेथेंच राहिला.

त्यावर तालाबो नांवाच्या अभियंत्यानें तोड काढली. सारी गासडी न सुकवतां तिच्यांतील थोडे नमुने घ्यावयाचे आणि पाणी उकळतें त्याहूनहि अधिक उष्ण भट्टींत, वजन घटावयाचें थांबेपर्यंत तापवावयाचे. यांतील खरी खुबी तराजूची आहे. नमुना बाहेर काढला कीं तो लगेच हवेंतलें पाणी पिऊं लागणार. म्हणून तराजूची एक बाजू भट्टींतच लोंबती ठेवून आंतल्या आंत वजन करीत. ही रीत लिआँत १८४१ सालीं मान्य झाली.

पण निखळ कोरडें रेशीम बाजारांत कधींच नसतें. तेवढ्याचाच पैसा दिला तर विकणारा नागवला जाईल. म्हणून कोरड्या वजनांत शेंकडा ११ मिळवून व्यापारी वजन धरण्याचें ठरलें. समजा, १०० किलोंच्या गासडींत कोरडें रेशीम ८८ किलो भरलें. तर किंमत ९७.६८ किलोंची. हा ११ चा आंकडा सृष्टीनें दिलेला नव्हे, माणसांनीं आपसांत ठरविलेला आहे. कापसासाठीं तो ८.५ आहे.

भट्टीचें काम सावकाशीचें. शिवाय तेलासारख्या पदार्थांतून पाण्याबरोबर इतरहि कांहीं उडून जातें. १९३५ सालीं कार्ल फिशर या जर्मन रसायनज्ञानें आयोडीन व गंधकाचा वायु यांच्या साह्यानें, खर्ची पडलेल्या आयोडीनवरून पाणी मोजण्याची युक्ति दिली. ती मुख्यतः प्रयोगशाळेंतच राहिली.

धान्याच्या पेढीवर आज जें यंत्र दिसतें, त्यांतील पुष्कळशीं विजेच्या एका गुणावर चालतात. तो गुण पाण्याच्या अंगीं ८० च्या आसपास, तर कोरड्या दाण्यांत अवघा दोन-चार. त्यावरून ओल ताडतात. यंत्र पाणी पाहत नाहीं, अनुमान करतें. आणि त्याचा आंकडा मुळांत भट्टीशींच ताडून बसविलेला असतो. आपल्याकडे हमीभावाच्या खरेदींत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ सालीं ती त्या हंगामापुरती १५ पर्यंत सैल करावी लागली. दाणे सैल ओतले किंवा दाबून भरले, थंड असले किंवा उन्हांत तापलेले, तर त्याच पोत्याचा आंकडा बदलतो. म्हणून जाणता मोजणारा भांडें रिकामें करून पुन्हां भरतो, आणि तीन वेळांची सरासरी घेतो.