पासबुकातली ती एक ओळ

भंडारा जिल्ह्यात धानाचे चुकारे आता बँकेत जमा होतात. घरचा कर्ता गेला, की तेरवीनंतर पासबुक बाहेर निघते आणि प्रश्न पडतो: हा पैसा मिळणार कसा?

प्रश्न जुनाच आहे. १८७३ च्या सरकारी बचत बँक कायद्यात मृत खातेदाराची लहान रक्कम कोर्टाच्या कागदाशिवाय वारसाला देण्याची सोय होती. १८८२ मध्ये सुरू झालेल्या टपाल बचत बँकेलाही हाच कायदा लागू झाला. इतर बँकांत मात्र, विशेषतः मोठ्या रकमेसाठी, १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याखालचे प्रमाणपत्र मागितले जाई. त्यासाठी कोर्टाच्या फेऱ्या आल्या, वकिलाची फी आली.

१९८३ मध्ये बँकिंग कायदा दुरुस्त झाला आणि मार्च १९८५ पासून ठेवीदाराला नामनिर्देशनाचा हक्क मिळाला. सहकारी बँकांचे नियमही त्याच वर्षी आले. २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दाव्यासाठी १५ दिवसांची मुदत घातली. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर चार नावे देता येतात.

मात्र नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालक होत नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. विधवा आईचा, बहिणीचा वाटा तिने द्यायलाच हवा.

म्हणून मृत्यूचा दाखला हाती येताच बँकेला कळवावे. गेलेल्या माणसाचे एटीएम कार्ड वापरत राहू नये. दहा वर्षे पडून राहिलेली ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते; वारसाला ती तेव्हाही मागता येते. पण आपल्या पासबुकावर नामनिर्देशनाची नोंद आहे का, हे आजच पाहिलेले बरे.